मंडळातलं रिकामं पद कसं भरायचं: राजीनाम्यापासून बदल अर्जापर्यंत

गणपतीत चाकरमानी गावी येतात, आरतीनंतर देवळात बैठक बसते. अध्यक्ष वारलेले असतात किंवा सचिव राजीनामा देऊन पुण्याला मुलाकडे गेलेले असतात. कोणीतरी एक नाव सुचवतो, टाळ्या होतात, नव्या माणसाच्या हातात नारळ दिला जातो आणि सगळे निश्चिंत होतात. मार्चमध्ये बँकेत चेकवरची सही बदलायला गेल्यावर कळतं की धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत अजून जुनीच नावं आहेत, आणि सभेची नोटीस मागितली तर ती कोणाकडेच नाही.

माझ्या गावच्या वाचनालयात मी बरीच वर्षं सचिव होतो, आता आसपासच्या मंडळांची कागदपत्रं लावून देतो. निवडलेला माणूस बहुतेक वेळा चांगलाच असतो. चुकतो तो क्रम. पुढची पद्धत नोंदणीकृत संस्थांसाठी आहे: ग्रामस्थ मंडळ, वाचनालय, क्रीडा मंडळ, भजनी मंडळ, शाळा चालवणारी संस्था. यातल्या बहुतेक संस्था संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली येतात. दुसऱ्या कायद्याच्या दृष्टीने कार्यकारिणीचे सगळे सदस्य संस्थेचे व्यवस्थापक असतात. त्यामुळे कार्यकारिणीतलं एक नाव बदललं तरी ते धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत बदलावं लागतं.

१. आधी घटना आणि परिशिष्ट १ समोर ठेवा

नावावर चर्चा सुरू करण्याआधी दोन कागद टेबलावर हवेत. पहिला म्हणजे संस्थेची मंजूर घटना, म्हणजेच नियमावली. कपाटातली टाईप केलेली प्रत पुरेशी नाही. तिच्यात कोणीतरी पेनाने केलेल्या दुरुस्त्या असतात आणि त्या मंजूर झाल्या की नाही हे कोणालाच आठवत नाही. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून प्रमाणित प्रत काढा. दुसरा कागद म्हणजे परिशिष्ट १ चा अद्ययावत उतारा, ज्याला सगळे पीटीआरचा (पब्लिक ट्रस्ट रजिस्टरचा) उतारा म्हणतात. त्यावर आजच्या घडीला कायदेशीर पदाधिकारी कोण, हे लिहिलेलं असतं.

उताऱ्यावरची नावं आणि प्रत्यक्ष काम पाहणारी माणसं शेजारीशेजारी लिहून काढा. इथेच अनेक मंडळांना धक्का बसतो. उताऱ्यावर पंधरा वर्षांपूर्वीची कार्यकारिणी असते आणि त्यातले चौघे हयातही नसतात. असं असेल तर आजच्या रिकाम्या पदाच्या आधी मधल्या प्रत्येक निवडीचा हिशोब लागायला हवा, कारण नवं नाव मागच्या नावाच्या साखळीतच बसतं.

घटनेत पुढच्या गोष्टी शोधा आणि कलमांचे क्रमांक वहीत उतरवून घ्या:

- पद रिकामं कधी होतं (मृत्यू, राजीनामा, गैरहजेरी, अपात्रता)
- ते भरण्याचा अधिकार कार्यकारिणीला की सर्वसाधारण सभेला
- किती दिवसांत भरायचं
- सभेची नोटीस किती दिवसांची आणि कशी द्यायची
- गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) किती
- नवा माणूस उरलेल्या मुदतीसाठी की पूर्ण मुदतीसाठी

*तपासा:* सहाही उत्तरं कलम क्रमांकासह मिळाली का? एखाद्या बाबतीत घटना गप्प असेल तर स्वतःच्या मनाने नियम करू नका. जो प्रश्न घटनेने कार्यकारिणीकडे सोपवलेला नाही तो सर्वसाधारण सभेपुढे नेणं सगळ्यात सुरक्षित.

२. पद खरोखर रिकामं झालंय का?

*राजीनामा.* तोंडी राजीनामा म्हणजे राजीनामा नव्हे, आणि ग्रुपवर रागात टाकलेला "मी आजपासून नाही" हा मेसेजही नव्हे. सही आणि तारीख असलेलं पत्र घ्या. ते घटनेत सांगितलेल्या व्यक्तीच्या नावे असायला हवं. सचिवाचा राजीनामा सहसा अध्यक्षांकडे जातो, अध्यक्षांचा कोणाकडे जातो ते घटनेत बघा. स्वीकृतीची अट असेल तर सभेत ठराव करून तो स्वीकारा. त्याआधी माणसाने राजीनामा मागे घेतला तर पद रिकामं झालंच नाही. म्हणून स्वीकृतीच्या ठरावाआधी पर्यायी नावाची चर्चासुद्धा करू नका. गावात त्याने मनंही दुखावतात आणि कागदही बिघडतो.

*मृत्यू.* मृत्यू दाखल्याची प्रत घ्या. दुःखातल्या घरी लगेच कागद मागायला जाऊ नये हे खरं, पण बाराव्या-तेराव्यानंतर घरच्यांशी नीट बोलून प्रत घ्या. दाखला मुंबई महापालिकेचा असेल तर पुढे तो गावातून मिळवणं त्रासाचं होतं.

*गैरहजेरी.* "सलग तीन सभांना गैरहजर राहिल्यास सदस्यत्व रद्द" असं कलम पुष्कळ घटनांत असतं. ते आपोआप लागू होतं असं समजू नका. त्या तीनही सभांची नोटीस त्या माणसाला पोचल्याचा पुरावा हवा आणि त्याला म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. मगच ठराव. नोकरीसाठी मुंबईला गेला एवढ्यानं कोणाचं पद जात नाही.

> इशारा: मुदत संपणं आणि मधेच पद रिकामं होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण कार्यकारिणीची मुदत संपलेली असेल तर एकेक पद "भरून" चालणार नाही, निवडणूकच घ्यावी लागेल. बदल अर्ज (नवं नाव नोंदवायला धर्मादाय कार्यालयात द्यायचा अर्ज) अडकण्याचं हे एक मोठं कारण मी पाहिलं आहे.

३. भरण्याचा अधिकार कोणाचा ते ठरवा

काही घटना कार्यकारिणीला सभासदांमधून एकाला सहयोजित करू देतात, म्हणजे स्वतःच निवडून आपल्यात घेऊ देतात, पुढच्या वार्षिक सभेपर्यंत किंवा उरलेल्या मुदतीपर्यंत. काही घटनांत साध्या सदस्याची जागा कार्यकारिणी भरते, पण अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदं सर्वसाधारण सभाच भरते. आणि काहींत सगळंच सर्वसाधारण सभेकडे असतं.

उपाध्यक्षाचा प्रश्न हमखास येतो. "अध्यक्षांच्या गैरहजेरीत उपाध्यक्ष काम पाहतील" या वाक्याने उपाध्यक्ष अध्यक्ष होत नाहीत. ते सभा चालवू शकतात, तातडीचं काम पाहू शकतात, पण अध्यक्षपद रिकामंच राहतं आणि ते रीतसर भरावं लागतं. "पद रिकामं झाल्यास उपाध्यक्ष अध्यक्ष होतील" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच आपोआप बढती. तशी बढती झाली की उपाध्यक्षपद मोकळं होतं, त्यामुळे त्या रिकाम्या जागेचा विषयही त्याच नोटिशीत घाला. हे विसरल्यामुळे दोन महिन्यांत दुसरी सभा बोलवावी लागलेली मंडळं मी पाहिली आहेत, आणि दुसऱ्या सभेला माणसं येत नाहीत.

४. सभासदांची यादी साफ करा

नोटीस काढण्याआधी यादी. हे काम कंटाळवाणं आहे, पण गणपूर्ती आणि मतदान दोन्ही यावरच उभं असतं.

संस्था नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकलेली आहे त्याला मत देता येत नाही आणि त्याची सभासद म्हणून गणतीही होत नाही. गावातल्या मंडळात हे कठोर वाटतं. म्हणून नोटिशीच्या महिनाभर आधी वर्गणीची आठवण द्या, पावत्या फाडा आणि मगच यादी बंद करा. सभेच्या दिवशी दारात वर्गणी घेऊन मतदार वाढवणं टाळा. तक्रार झाली तर पहिला आक्षेप तिथेच येतो.

आता हिशोब पाहा. रजिस्टरवर १२० नावं आहेत आणि गणपूर्ती एक तृतीयांश, म्हणजे ४० माणसं हवीत. पण त्यातले १४ मयत आहेत आणि १६ जणांची वर्गणी थकलेली आहे. ती ३० नावं पुराव्यासह बाजूला काढली तर उरतात ९० आणि गणपूर्ती होते ३०. देवळाच्या सभामंडपात ४० माणसं जमवणं आणि ३० जमवणं यात फार फरक आहे.

*तपासा:* अंतिम यादीवर तारीख टाकून उपलब्ध पदाधिकाऱ्यांच्या सह्या घेतल्या का?

५. नोटीस

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबतो.

आमच्या वाचनालयाचे खजिनदार एका श्रावणात वारले. गणपतीत सगळे गावात होते, वार्षिक सभेची नोटीस आधीच गेलेली होती. आम्ही "ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने" या शीर्षकाखाली नवा खजिनदार निवडला. निवड एकमताने झाली, माणूस उत्तम होता. बदल अर्ज मात्र नामंजूर झाला, कारण पद भरण्याचा विषय नोटिशीत नव्हता आणि न आलेल्या सभासदांना अशी निवड होणार हे कळायला मार्ग नव्हता. पुन्हा सभा घ्यायची तर चाकरमानी मे महिन्याशिवाय येणार नव्हते. तोपर्यंत वीजबिल आणि ग्रंथपालाचं मानधन दोघा-तिघांनी खिशातून भरलं. तेव्हापासून मी प्रत्येक मंडळाला एकच आग्रह करतो: पदाचं नाव आणि पद रिकामं होण्याचं कारण नोटिशीत स्पष्ट लिहा. उदाहरणार्थ:

> विषय क्र. ३: खजिनदार यांच्या दि. ___ रोजीच्या निधनामुळे रिकाम्या झालेल्या खजिनदार पदावर घटनेच्या कलम ___ नुसार उर्वरित मुदतीसाठी निवड करणे.

*दिवस मोजणे.* घटनेत "पंधरा दिवसांची नोटीस" असेल तर नोटीस पोचल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून पूर्ण पंधरा दिवस मोजा. मी आणखी चार दिवस जास्त धरतो. पावसात टपाल वेळेवर पोचेलच असं नाही.

*सही कोणाची.* सचिवाचंच पद रिकामं असेल तर नोटीस कोण काढणार? घटनेत सहसचिव असेल तर तो. नसेल तर उरलेल्या कार्यकारिणीची सभा घ्या, त्यातल्या एकाला नोटीस काढण्याचा अधिकार ठरावाने द्या, आणि तो ठराव क्रमांक नोटिशीत लिहा.

*पोचवणे.* घटनेत जी पद्धत लिहिली आहे तीच मुख्य पद्धत. व्हॉट्सॲप जोडीला जरूर वापरा, पण घटनेत टपाल लिहिलं असेल तर ग्रुपवरच्या दोन निळ्या टिका टपालाची जागा घेत नाहीत. गावातल्या सभासदांसाठी नोटीस रजिस्टर घेऊन वाडीवाडीत फिरा. प्रत्येकाची सही, तारीख, आणि घरच्या दुसऱ्या कोणी घेतली तर त्याचं नाव आणि नातं. मुंबईकरांना टपालाने पाठवा आणि पावत्या एका पाकिटात जपून ठेवा.

*दिवस निवडणे.* विसर्जनाचा, गौरी आणण्याचा किंवा पालखी घरोघरी फिरते तो दिवस नको. गणपतीत सभा घ्यायची तर लोक परतीच्या गाडीला लागण्याआधीचा दिवस आणि सकाळची वेळ बघा.

> इशारा: मागच्या तारखेची नोटीस तयार करू नका आणि रजिस्टरवर दुसऱ्याच्या नावाने सही करू नका. ज्या दिवशी गावात सही केल्याचं दाखवलंय त्या दिवशी तो माणूस डोंबिवलीत कामावर असतो, आणि ते सिद्ध करायला फार वेळ लागत नाही. मग चूक राहत नाही, गुन्हा होतो.

६. उमेदवाराशी आधी बोला

फोन केला की सहसा उत्तर मिळतं, "माका काय इचारतंस, नाव घालून टाक." एवढ्यावर नाव घालू नका. त्याला समजावून सांगा: हे फक्त मानाचं पद नाही, हिशोबाची जबाबदारी तुमच्यावर येईल, ओळखपत्रं द्यावी लागतील, बोलावलं तर धर्मादाय कार्यालयात जावं लागेल. तयार असेल तर लेखी संमतीपत्र घ्या. तो घटनेप्रमाणे सभासद आहे का आणि त्याची वर्गणी भरलेली आहे का, हेही त्याच वेळी पाहा. निवडून आल्यावर नकार देणारा माणूस मिळाला तर सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

७. सभेच्या दिवशीचा क्रम

१. हजेरी रजिस्टरवर सह्या सभा सुरू होण्याआधी घ्या. उशिरा आलेल्यांनी येण्याची वेळ लिहावी.

२. गणपूर्ती मोजून आकडा मोठ्याने सांगा. पुरी नसेल तर घटनेत तहकुबीची सोय आहे का पाहा. बऱ्याच घटनांत अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा घेता येते आणि तिला गणपूर्तीची अट नसते. पण घटनेत ती सोय नसेल तर "नेहमी असंच करतो" याला आधार नाही. तहकूब सभेत मूळ नोटिशीतलेच विषय घेता येतात.

३. अध्यक्ष नसतील तर सभाध्यक्ष निवडा. जो स्वतः त्या पदासाठी उभा आहे त्याने त्या विषयापुरती खुर्ची सोडावी.

४. राजीनामा किंवा निधनाची नोंद घेणारा ठराव आधी, निवडीचा नंतर. हा क्रम उलटला की कागदोपत्री एका पदावर दोन माणसं होतात.

५. सूचक, अनुमोदक, मग इतर नावांची विचारणा. दुसरं नाव आलं तर मतदान घ्या. गावात मतदान नको म्हणून दुसऱ्या इच्छुकाला बसवायला दबाव आणतात. त्याने कटुता टळत नाही, ती पुढे तक्रार अर्जात येते. चिठ्ठ्या टाकून शांतपणे मतं मोजली तर लोक निकाल मानतात, हा माझा अनुभव.

मुंबईकरांना ऑनलाइन घ्यायचं असेल तर घटनेत तशी तरतूद हवी. नसेल तर त्यांना ऐकू द्या, बोलू द्या, पण गणपूर्तीत आणि मतांत धरू नका. आमच्याकडे टेकडीआड नेटवर्क जातं आणि मत दिलं की नाही यावरच वाद होतो.

८. इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहा

त्याच आठवड्यात म्हणजे त्याच आठवड्यात. महिन्याने लिहिलेल्या इतिवृत्तात आठवणीतला तपशील शिरतो आणि तो हजेरीशी जुळत नाही. ठराव असा असावा:

> ठराव क्र. ४: खजिनदार यांच्या निधनामुळे रिकाम्या झालेल्या पदावर घटनेच्या कलम ___ नुसार श्री./श्रीमती ___ यांची दि. ___ पर्यंतच्या उर्वरित मुदतीसाठी निवड करण्यात येत आहे. सूचक ___, अनुमोदक ___. बाजूने ___, विरोधात ___, तटस्थ ___. ठराव बहुमताने / सर्वानुमते मंजूर.

नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा. गावात सगळे ज्याला "बाबी" म्हणतात त्याचं कागदावरचं नाव वेगळंच असतं. मतदान झालेलं असेल तर "सर्वानुमते" लिहू नका. व्हाइटनर कुठेही नको: चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर लिहा आणि सही करा. इतिवृत्ताच्या पानांवर क्रमांक घाला आणि दोन ठरावांमध्ये कोरी जागा सोडू नका.

९. बदल अर्ज: ९० दिवस

विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे नोंदीत बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. लोक याला चेंज रिपोर्ट म्हणतात, त्याचा नमुना म्हणजे अनुसूची ३. मृत्यू किंवा राजीनामा हाही नोंदीतला बदलच आहे हे लक्षात ठेवा. नवं नाव मिळायला वेळ लागणार असेल तर जुनं नाव कमी करण्याचा अर्ज थांबवून ठेवू नका.

सोबत साधारण हे लागतं: घटनेची आणि परिशिष्ट १ ची प्रत, नोटीस आणि ती पोचल्याचे पुरावे, हजेरीची आणि इतिवृत्ताची खरी प्रत, राजीनामापत्र किंवा मृत्यू दाखला, नव्या व्यक्तीचं संमतीपत्र, ओळखपत्र आणि प्रतिज्ञापत्र. राजीनामा देणाऱ्याचं "माझी हरकत नाही" असं प्रतिज्ञापत्र आधीच घेऊन जोडलं तर पुढचा बराच वेळ वाचतो. तो मुंबईला परतण्याआधी, गावात असतानाच हे करून घ्या.

उशीर झाला असेल तर अर्जाबरोबर उशीरमाफीचा अर्ज द्या आणि खरं कारण लिहा. कारण पटलं तर खर्च भरून घेऊन मुदत वाढवून मिळू शकते. उशीर झाला म्हणून अर्ज न करणं ही त्याहून मोठी चूक, कारण पुढची प्रत्येक निवड त्या तुटलेल्या दुव्यावर अडकते.

*तपासा:* नोटीस, हजेरी, इतिवृत्त आणि अर्ज या चारही कागदांवर सभेची तारीख, वेळ आणि जागा एकच आहे का? दाखल करण्याआधी हे दुसऱ्या माणसाला वाचायला द्या.

कार्यकारिणीच उरली नसेल तर

नऊपैकी सहा जागा रिकाम्या झाल्या आणि गणपूर्ती पाचची असेल, तर उरलेले तिघे सहयोजन करू शकत नाहीत. घटनेत उरलेल्यांना सर्वसाधारण सभा बोलावण्याचा अधिकार असेल तर तो वापरा. किंवा घटनेत सांगितलेल्या संख्येने सभासदांनी सह्या करून सभेची मागणी करावी. तेही शक्य नसेल तर संस्थेशी हितसंबंध असलेल्या व्यक्तीला विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४७ खाली विश्वस्त नेमण्यासाठी अर्ज करता येतो. तिथे वकिलाचा सल्ला घ्या, हे घरी बसून लिहिण्याचं काम नाही.

१०. बँक आणि ताबा

बँकेला ठरावाची प्रत, नव्या व्यक्तीचे केवायसी कागद आणि बहुधा अद्ययावत परिशिष्ट १ लागतो. अर्ज दाखल झाल्याची पोच घेऊन शाखेत आधीच बोलून ठेवा. पुढच्यासाठी तीन सह्यांपैकी कोणत्याही दोन चालतील अशी सोय करा, म्हणजे एक माणूस गेला तरी खातं अडत नाही.

ताब्याची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या: इतिवृत्ताची वही, पावती पुस्तकं (कोणत्या क्रमांकापर्यंत वापरली ते लिहून), चेकबुक, पासबुक, शिक्का, पॅन कार्ड, कपाटाच्या किल्ल्या, रोख शिल्लक. आणि मोबाईल नंबर. आयकराच्या पोर्टलवर आणि बँकेत जुन्या खजिनदाराचाच नंबर असतो आणि ओटीपी तिथेच जातो. माणूस वारला असेल तर त्याचं सिम काही महिन्यांनी बंद पडतं. ते चालू आहे तोवर घरच्यांना विनंती करून, त्यांच्यासमोर बसून दोन्ही ठिकाणचा नंबर बदलून घ्या.